एका दिवसाची मुंबई, पायी

नाताळची सुट्टी लागली की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सकाळच्या गाड्यांमधून कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात. कुणी सोलापूरहून, कुणी नाशिकहून. आजीच्या हातात दशम्या-चटणीची पिशवी, आणि गावच्या थंडीत घातलेले स्वेटर मुलांनी एव्हाना कमरेला बांधलेले. परतीचे आरक्षण रात्रीचे. मधल्या दहा-बारा तासांत ‘मुंबई बघायची’ असते.

मग गाडी ठरते आणि यादीही: गेटवे, राणीची बाग, महालक्ष्मी, हाजी अली, जुहू, जमलेच तर नटनट्यांचे बंगले. निम्मा दिवस सिग्नलवर जातो. मुले पेंगतात, मोठी माणसे घड्याळाकडे बघतात, आणि शहर काचेपलीकडून सरकत राहते. एवढी दगदग करून आलेल्या माणसांना याहून चांगली मुंबई मिळायला हवी, आणि ती ते उतरतात तिथूनच सुरू होते.

हे स्थानक उभे राहायला 1878 ते 1888 अशी दहा वर्षे लागली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. 2004 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. पण गाडी पकडायच्या घाईत मान वर करून बघतो कोण? रस्ता ओलांडून पाच मिनिटे समोर उभे राहावे. दगडात मोर आहेत, माकडे आहेत, पाने-फुले आहेत. यातले बरेचसे कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. लहान मुलाला ‘प्राणी शोध’ एवढेच सांगावे, त्याचा अर्धा तास सहज जातो.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर हुतात्मा चौक. 1864 चे फ्लोरा फाउंटन, आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांचे हे स्मारक. मुंबईसह महाराष्ट्र 1 मे 1960 रोजी झाला, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे उभे राहून आजीने नातवाला सांगावे. तो काळ तिच्या घरातल्या कुणीतरी पाहिलेला असतो.

पुढे ओव्हल मैदान. मध्यभागी उभे राहिले की पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाची गॉथिक रांग, पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली दोन शहरे एका मैदानाच्या दोन काठांवर. 2018 मध्ये या दोन्हींना मिळून जागतिक वारसा दर्जा मिळाला. बघायला तिकीट नाही, सोबत क्रिकेट फुकट.

शेवटी वस्तुसंग्रहालयावरून गेटवे. 1911 मधल्या राजा-राणीच्या भेटीची ही आठवण बांधून झाली 1924 मध्ये, आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. हा सगळा रस्ता तीन-साडेतीन किलोमीटरचा. डिसेंबरच्या उन्हात तो सहज चालवतो. मे महिन्यात जमणार नाही.

मात्र तो चालायचा तर शहरानेही हात द्यायला हवा. वाटेत सावलीत टेकायला बाक, स्वच्छ स्वच्छतागृह, पाणी, आणि सोप्या मराठीत गोष्ट सांगणारी पाटी, एवढेच मागणे आहे. यात अशक्य काही नाही. 2021 मध्ये महापालिकेच्या मुख्यालयात हेरिटेज वॉक सुरू झाला आणि कामाशिवाय जिथे कुणी पाऊल ठेवत नसे ती इमारत पाहुण्यांना आतून बघता आली. दक्षिण मुंबईतल्या काही जुन्या दगडी पाणपोयांचीही डागडुजी झाली आहे. हीच आस्था फुटपाथपर्यंत यावी. परदेशी पर्यटकाकडे हॉटेलची खोली असते. सोलापूरच्या कुटुंबाकडे रात्रीच्या गाडीपर्यंत फक्त रस्ता असतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गेटवेच्या कठड्यापाशी गर्दी होते. हिवाळ्यापुरते आलेले पांढरे कुरव पक्षी घारापुरीहून परतणाऱ्या लाँचमागे घिरट्या घालत येतात. मुले कठड्याला ओणवून बोटे दाखवतात, बाप फोटो काढतो. दिवसभर चाललेली आजी पिशवी या हातातून त्या हातात घेत, बसायला कुठे जागा आहे का ते बघत असते.