बाटलीतला लाल आणि बोटावरचा लाल

ईस्टरचा सण उरकला की आपल्या गावांतून लग्नांची गडबड सुरू होते, आणि तिच्याबरोबर खरेदीच्या याद्याही. त्या याद्यांत पूर्वी साडी, सोने, बँड आणि जेवणावळ एवढ्यांनाच मान असे. आता वधूच्या हातातील यादी पाहावी तर फाउंडेशन, लिपस्टिक आणि नेलपॉलिश यांना एक स्वतंत्र रकाना दिलेला असतो, आणि त्या रकान्यातील आकडे वडीलधारी माणसे चष्मा पुसून पुन्हा वाचतात. वडोदऱ्यास वा हैदराबादेस नोकरीस असलेल्या मुली सुटीवर येताना ज्या इवल्याशा बाटल्या आणतात, त्यांतील एकेकीची किंमत दोन-अडीच हजारांच्या घरात असते. तेवढ्या पैशांत गावच्या दुकानातील दहा-बारा बाटल्या सहज येतील. ‘हिच्यात असे आहे तरी काय?’ हा प्रश्न आम्हांस अनेक मातांनी विचारला आहे. ‘काही नाही, सारा पैशांचा चुराडा’ असे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण वस्तू हाती न घेता तिच्यावर निकाल देणे आम्हांस प्रशस्त वाटेना. तेव्हा दोन भाच्यांना साथीस घेऊन आम्ही महाग आणि स्वस्त अशा दोन्ही वस्तू शेजारी शेजारी मांडून पारखल्या.

आरंभ नेलपॉलिशपासून करू. नेलपॉलिश हे मुळात एक रोगणच. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ बनवितात. चित्रपटांच्या जुन्या फिती याच पदार्थाच्या असत. तो इथाइल व ब्युटाइल ॲसिटेट या झपाट्याने उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळवितात. नखाला घट्ट धरून राहावे म्हणून त्यात राळेसारखा एक पदार्थ घालतात, तडकू नये म्हणून लवचिकपणा आणणारा दुसरा, आणि शेवटी रंग. नखावर लावल्यावर द्रव उडून जातो व पातळ रंगीत पापुद्रा मागे राहतो. (तो द्रव चटकन पेट घेतो; म्हणून उघडी बाटली घेऊन चुलीजवळ वा पेटत्या गॅसजवळ कोणी बसू नये.) हा पाया अडीच हजारांच्या बाटलीत आणि दोनशेच्या बाटलीत फारसा निराळा नसतो.

रंगाचीही तीच कथा. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीआय’ या अक्षरांपुढे पाच आकडे छापलेले असतात. जगभर रंगद्रव्ये ज्या क्रमांकांनी ओळखली जातात, ते हे आकडे. १५८५० हे एक लाल रंगद्रव्य, ७७८९१ म्हणजे टायटेनियम डायऑक्साइड हा पांढरा, ७७४९१ म्हणजे लोहापासून मिळणारा तांबडा. धाकट्या भाचीने भिंग घेऊन आमच्या दोन्ही खोक्यांवरील आकडे वाचले. १५८५० दोन्हींवर होता.

मग फरक कशात? तो पाहण्यासाठी आम्ही एका हाताला महाग व दुसऱ्या हाताला स्वस्त असे केले नाही; कारण उजवा हात भांडी घासतो, कणीक मळतो, आणि डावा बहुधा नुसता आधार देतो. एकाच हाताच्या बोटांवर एकाआड एक रंग लावला आणि घरातील कामे नित्याप्रमाणे चालू ठेवली. महागाची पहिली सरशी कुंचल्यात दिसली. त्याचे केस सारखे कापलेले व थोडे पसरट होते. दोन फटकाऱ्यांत नख भरले आणि दोन थरांत रंग एकसंध बसला. स्वस्तास तीन थर लागले, आणि पहिल्या थरातील रेघा तिसऱ्यापर्यंत पुसट का होईना दिसत राहिल्या. हा फरक खरा आहे आणि तो कबूल केला पाहिजे. परंतु टिकण्याचा प्रश्न आला तेव्हा दोघांचा पराक्रम सारखाच ठरला. चौथ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर पाहिले तर दोन्ही रंगांचे टवके टोकाशी उडाले होते. पुढच्या खेपेस रंगाखाली आणि वर पारदर्शक रोगणाचा एकेक थर दिला, तेव्हा दोन्ही आठवडाभर टिकले. म्हणजे टिकाऊपणा विकत घ्यायचा असेल तर तो त्या साध्या पारदर्शक बाटलीतच मिळतो.

आता छटांविषयी. दुकानात बाटली पाहून छटा निवडणे म्हणजे दुकानाच्या विजेच्या दिव्याखाली साडी निवडणे. आपल्या आया-आज्या कापडाचा ठाण हाती घेऊन दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत येत आणि उन्हात धरून पाहत. दुकानदार कुरकुरला तरी त्या ऐकत नसत. तीच रीत येथे लागू आहे. दोन लाल रंग पांढऱ्या ट्यूबलाइटखाली जुळे भासतात, आणि अंगणात आणताच एक विटकरीकडे झुकतो, दुसरा जांभळाकडे. शिवाय बाटलीत रंगाची जाडी बोटभर असते, नखावर मात्र कागदाहूनही पातळ. म्हणून बाटलीत गडद दिसणारा पारदर्शक जातीचा रंग नखावर फिका गुलाबी उतरतो. यासाठी आमच्या थोरल्या भाचीने एक युक्ती योजली, ती आम्हांस फार आवडली. नखावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, त्यावर रंगाचे दोन थर द्यायचे, वाळल्यावर पट्टी काढून कागदावर चिकटवायची व खाली छटेचे नाव लिहायचे. ती पट्टी कोणत्याही बोटाशी, साडीच्या काठाशी, उन्हात वा दिव्यात धरून पाहता येते. तिने अशा चौदा लाल छटांचा एक कागद केला आहे. त्यांतील चार तर आम्हांस एकमेकींपासून ओळखता आल्या नाहीत, आणि त्या चारींची नावे व किमती मात्र पूर्णपणे निराळ्या होत्या.

नावांचा हा व्यापार जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली चार्ल्स व जोसेफ रेव्हसन या बंधूंनी चार्ल्स लॅचमन या रसायनव्यावसायिकाच्या साथीने रेव्हलॉन कंपनी काढली, ती नेलपॉलिशच्या बळावरच. तोवरचे रंग पाण्यासारखे आरपार दिसत. यांनी घट्ट रंगद्रव्य वापरून नख पूर्ण झाकणारी छटा आणली. पण रेव्हसन यांनी खरे ओळखले ते असे की, रंग संपल्यावर गिऱ्हाईक दुसरी बाटली घेते, आणि नवे नाव निघाल्यावर पहिली न संपताच घेते. १९५२ साली ‘फायर अँड आइस’ नावाची लाल छटा त्यांनी ओठांसाठी व नखांसाठी एकदम बाजारात आणली. जाहिरातीत एका सुंदरीच्या छायाचित्रासोबत स्त्रियांना पंधरा प्रश्न विचारले होते; रंगाविषयी फारसे काही नव्हते, स्वभावाविषयी मात्र बरेच होते. पुढे १९९४ साली पॅरिसच्या शनेलने जवळजवळ काळी वाटणारी ‘रूज नुआर’ ही छटा काढली, आणि तिच्यासाठी दुकानांतून अक्षरशः चढाओढ लागली. आपल्याकडील लॅक्मेचा जन्मही १९५२ चाच, टाटांच्या घरातला. हे नाव फ्रेंच वाटते, आणि आहेही. देलिब याच्या १८८३ च्या संगीतिकेतील हिंदू नायिकेचे ते नाव, म्हणजे आपल्या ‘लक्ष्मी’चाच फ्रेंच उच्चार. आपलेच नाव परदेशी वळणाने परत आले की त्याचा तोरा वाढतो, ही गंमत येथेही दिसते.

लिपस्टिकच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. एका कांडीत माल साधारण तीन ते चार ग्रॅम, म्हणजे सुमारे एक तृतीयांश तोळा. तिच्यात मेण, तेल आणि रंग. मेण मधमाश्यांचे किंवा ब्राझीलमधील ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचे. तेल पुष्कळदा एरंडाचे. जगातील बहुतेक एरंडेल भारतात होते, आणि त्यातले बरेचसे गुजरातेत. तेव्हा पॅरिसहून आलेल्या कांडीतील तेल मेहसाण्याकडच्या शेतातून गेलेले असणे अगदी शक्य आहे. काही लाल छटांत कारमाइन असते; ते निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून काढतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी खोक्यावर ७५४७० हा आकडा आहे का ते पाहावे. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: लाँकोम हे महाग नाव आणि मेबलीन हे स्वस्त नाव ही दोन्ही आज एकाच लॉरियाल कंपनीची आहेत, मेबलीन तिने १९९६ साली घेतले. वाडा एक, दरवाजे दोन. महाग कांडी हाताला जड लागते, झाकण ‘टक्’ असा गोड आवाज करून बसते, सुवास नाजूक असतो आणि ओठांवर ती अधिक मऊ फिरते. ज्याला हे सुख हवे त्याने ते जरूर घ्यावे. मात्र आपण पैसे रंगाचे दिले, असे समजू नये.

चमकणाऱ्या छटांविषयी एक शब्द. ती चमक बहुधा अभ्रकाची असते, आणि झारखंडातील कोडरमा-गिरिडीह भागात ते अभ्रक वेचण्यास लहान मुले जुंपली जातात, हे वारंवार उजेडात आले आहे. २०१७ साली काही मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी एक संयुक्त संस्था स्थापली खरी. पण बाटलीच्या किमतीवरून तिच्यातील अभ्रक कोणाच्या हातांनी वेचले ते कळत नाही.

येथवर आम्ही स्वस्ताची बाजू बरीच घेतली. फाउंडेशनपाशी मात्र आमचे मत पालटले, आणि त्याचे कारण आमची थोरली भाची. ती सावळी आहे. शहरातील एका मोठ्या दुकानात आम्ही तिघी गेलो, तेव्हा तेथील मुलीने तिच्या चेहऱ्याकडे एकवार पाहिले आणि न विचारताच दोन छटा फिकी असलेली बाटली पुढे केली. ‘मॅडम, ही लावा, उजळ दिसाल. लग्नात तर हीच लागते.’ भाचीने ती जबड्याच्या कडेला लावून घेतली, आरसा हाती घेऊन दाराशी उजेडात गेली, आणि परत येऊन शांतपणे म्हणाली, ‘मावशी, हा चेहरा माझ्या मानेचा नाही.’

वाचक भगिनींनो, आपल्या गावांतील लग्नांचे आल्बम उघडून पाहा. शुभ्र वस्त्रातील वधू, पिठात बुडविल्यासारखा चेहरा, आणि फुलांचा गुच्छ धरलेले हात मात्र निराळ्याच मुलीचे! शुभ्र वस्त्राशेजारी कोणताही वर्ण थोडा गडद दिसतो. तेवढ्याने माता घाबरतात आणि ब्यूटी पार्लरमधील बाईंना ‘जरा उजळ करा हो’ म्हणून विनवितात. पांढरेपणासाठी घातलेले टायटेनियम डायऑक्साइड प्रकाश परतवते, म्हणून कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये सावळ्या चेहऱ्यावर राखेचा लेप दिल्यासारखा भास होतो. आणि त्या मुलीला त्या दिवशी काय कळते? की जो चेहरा देवाने दिला, तो वेदीपुढे न्यायला पुरेसा नाही, असे तिच्या आईलाच वाटते. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ पासून घरोघरी होती. २०२० साली तिने आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गाळला. नाव बदलले, घरातील बोलणे बदलावयाचे आहे.

स्वस्त कंपन्यांची अडचण येथे दिसते. त्यांच्या छटा मोजक्याच, आणि बहुतेक फिक्या. केवळ स्वस्तांचीच नव्हे, पुष्कळ महाग कंपन्यांचीही हीच तऱ्हा होती. २०१७ च्या सप्टेंबरात बार्बाडोसची गायिका रिहाना हिने फेंटी ब्यूटी या नावाने एकदम ४० छटांची फाउंडेशन बाजारात आणली, तेव्हा इतरांची धावपळ झाली आणि गडद छटा वाढू लागल्या. आमच्या भाचीस चार दुकाने फिरून तिची छटा मिळाली, ती महागातच. पिवळसर झाक असलेला गडद गव्हाळ रंग. लावल्यावर कोठे लावला ते शोधावे लागले. तिने नेलपॉलिश दोनशेचे घेतले आणि उरलेले पैसे या बाटलीला दिले. या वाटणीस आमची पूर्ण संमती होती.

फाउंडेशन मनगटावर लावून पाहू नये; हात उन्हाने रापलेला असतो, चेहरा तितका नसतो. जबड्याच्या कडेपासून मानेपर्यंत तीन छटांच्या तीन रेघा ओढाव्यात, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण त्वचेच्या तेलाशी मिसळून रंग थोडा गडद होतो, आणि मग उघड्यावर पाहावे. जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. त्या रात्री तेच औषध म्हणून कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून ठेवावे. सकाळी खाज वा लाली दिसली तर ती बाटली कितीही किमती असली तरी आपली नव्हे. दुकानातील नमुन्याची लिपस्टिक थेट ओठांना लावू नये. तिने किती ओठ पाहिले असतील याचा नेम नाही. बोटाच्या पेरावर लावून पाहावी. पेराचा रंग ओठांच्या रंगास पुष्कळ जवळचा असतो.

आठवडी बाजारात मोठ्या नावांच्या बाटल्या दीडशेस मिळतात, त्या मात्र घेऊ नयेत. आपल्या देशातील २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे मालावर बनविणाऱ्याचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक व वापरण्याची मुदत हवी. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांकही हवा. उघड्या झाकणाच्या डबीचे चित्र व त्यात ‘१२ एम’ असे असल्यास उघडल्यापासून बारा महिने असा त्याचा अर्थ. जुने नेलपॉलिश घट्ट झाले तर त्यात रिमूव्हर ओतू नये, रंग फाटतो. त्यासाठी दुकानात नेलपॉलिशचे थिनर निराळे मिळते, त्याचे दोन-तीन थेंब घालून बाटली तळहातांत फिरवावी, आणि झाकण लावण्यापूर्वी तिची मान पुसावी.