देवांविना ‘इलियड’?

वूल्फगांग पीटरसन यांचा ‘ट्रॉय’ (२००४) हा चित्रपट होमरच्या ‘इलियड’चे नाव घेतो आणि त्यातील देवांनाच हद्दपार करतो! महाकाव्यात मेनेलाउसशी द्वंद्वात हरणाऱ्या पॅरिसला देवी ॲफ्रोडाइटी धुक्याआड उचलून नेते. पडद्यावर देवी नाही. म्हणून पॅरिस सरपटत भावाच्या पायांशी येतो आणि हेक्टर मेनेलाउसला ठार करतो. हाच मेनेलाउस ‘ओडिसी’त हेलनसह स्पार्टात सुखाने नांदतो, याची फिकीर कोणाला?

आजच्या प्रेक्षकाला देव पटणार नाहीत, अशी म्हणे भीती. मग आदल्याच वर्षी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील जादूगार त्याच प्रेक्षकाने डोक्यावर घेतले, ते कसे?

‘क्रोध’ या शब्दाने ‘इलियड’चा आरंभ होतो. अकिलीस झालेल्या ब्रॅड पिटपाशी कमावलेला देह आहे, तो क्रोध नाही. पुत्राच्या मारेकऱ्याचे हात चुंबणारा वृद्ध राजा प्रायम मात्र पीटर ओ’टूल यांनी असा उभा केला आहे, की त्या एका प्रसंगापुरता होमर भेटतो. पण त्याला शत्रूच्या छावणीत सुखरूप नेणारा हर्मीस देव? त्यालाही गाळले आहे.