शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, हे कोणी ठरवले?



आरोग्य खात्याच्या आशाताई घरी येतात, टॉर्च मारून तोंडातले चट्टे पाहतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा किती खाता ते विचारतात. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्ऱ्याने मांडलेला उच्छाद पाहता हे हवेच. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या ३ कर्करोगांसाठी तपासणी होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यात नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने तो आपल्याकडे कमी आढळतो, म्हणून सरसकट सगळ्यांची दुर्बीण तपासणी परवडणार नाही, हे मान्य. पण म्हणून लक्षणेही विचारायची नाहीत का?

शौचातून रक्त पडले की आपल्याकडे निदान ठरलेले: मूळव्याध. आठवडी बाजारात ‘मूळव्याध, भगंदर गॅरंटीने बरे’ असा फलक लावून बसलेल्याकडून पुडी घ्यायची आणि लाजेपायी घरातही बोलायचे नाही. रक्त न दिसता झिरपत राहिले तर माणूस पांढराफटक पडतो. मग सिकलसेलची शंका, नाहीतर रक्तवाढीच्या गोळ्या. साठीतल्या माणसाचे रक्त जाते कुठे, हे कोणी पाहत नाही.

त्यामागे मोठ्या आतड्याचा कर्करोगही असू शकतो. तो बहुधा आतड्याच्या अस्तरावरच्या लहान गाठीतून, साधारण १० वर्षांत वाढतो. ती गाठ वेळीच काढली तर पुढचे संकट टळते. गुदाशयातली गाठ तर पुष्कळदा डॉक्टरांच्या बोटालाच लागते. त्यासाठी हातमोजा पुरतो, यंत्र लागत नाही. तरीही मूळव्याधीची गोळी लिहून देण्याआधी ही तपासणी किती ठिकाणी होते?

म्हणून मागणी साधी आहे. आशाताईंनी चाळिशीपुढच्या प्रत्येकाला शौचातून रक्त जाते का, शौचाची सवय अलीकडे बदलली का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग होता का, हे विचारावे. ‘हो’ म्हणणाऱ्याची प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाने तपासणी व्हावी. कारण न सापडणाऱ्या रक्तक्षयाच्या आणि संशयित रुग्णांसाठी दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत दुर्बीण तपासणीचा वार ठरवावा. बिडी आणि दारूने आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, हे खर्ऱ्याविरुद्धच्या सभांत सांगितले जावे.

गडचिरोलीतल्या दूरच्या भामरागड-सिरोंचाचा रुग्ण नागपूर गाठेपर्यंत आजार पुढे गेलेला असतो. पहिली तपासणी गावाजवळ झाली, तरच मोठ्या रुग्णालयांतले उपचार त्याच्या कामी येतील.

— एक निवृत्त शिक्षक, मूल (जि. चंद्रपूर)