खणांची संख्या आणि पूर्णांकाची मर्यादा

माहितीकोशातील दोन मोठ्या याद्या एकमेकींशी जुळवावयाच्या असल्या म्हणजे संगणक पुष्कळदा त्यांपैकी एकीसाठी आधी खण तयार करतो. नोंदीवरून ठरावीक गणिताने खणाचा क्रमांक काढावयाचा, नोंद त्या खणात टाकावयाची, आणि दुसऱ्या यादीतील नोंद आली की तेवढा एकच खण उघडून पाहावयाचा. या मांडणीस हॅश सारणी म्हणतात. ग्रंथालयातील सूचिपत्रांचे खण ज्यांनी हाताळले आहेत, त्यांस तिचे मर्म निराळे सांगावयास नको. मात्र खण किती करावयाचे हे यादी हाती येण्यापूर्वी, केवळ अंदाजाने ठरवावे लागते. आणि चूक शिरते ती तेथेच.

संगणकातील पूर्णांकास जागा मोजकी असते. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. चिन्ह सोडून दिले तरी मर्यादा जेमतेम दुप्पट होते. समजा, ५३,६८,७०,९१२ खण ठरले आणि प्रत्येकाचा पत्ता लिहिण्यास ८ बाइट लागतात. गुणाकार होतो ४,२९,४९,६७,२९६. ही संख्या ३२ बिटांत बसवू गेले की वरचा एक गळून पडतो व उरते शून्य! आज्ञावली निमूटपणे शून्य बाइट जागा मागते आणि मग पन्नास कोटींहून अधिक खण आपलेच आहेत अशा भरवशाने लिहीत सुटते. काम तेथेच कोसळले तर ते सुदैवच म्हणावयाचे. न कोसळता भलतीच माहिती पुसली गेली तर ती कोणाची, याचा नेम नाही. दहा हजार नोंदींच्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही.

अशी चूक उघडकीस आली की ६४ बिटांचा पूर्णांक योजून पुष्कळ जण मोकळे होतात. माझ्या मते हा उपाय अपुरा आहे. नोंदींचा अंदाज दशांश अपूर्णांकांच्या गणिताने काढलेला असतो. चार-पाच याद्या जोडताना त्यातील चुकांचाही गुणाकार होत जातो, आणि असा फुगलेला आकडा कोणत्याही रुंदीबाहेर जाऊ शकतो. गुणाकार करून मग उत्तर ऋण आले का हे पाहणे तर त्याहून वाईट. सी भाषेत चिन्हयुक्त पूर्णांक मर्यादेबाहेर गेला की त्यास नियमाने काही अर्थच उरत नाही. असे कधी घडत नाही असे गृहीत धरून भाषांतरक ती तपासणीच अनावश्यक म्हणून गाळू शकतो. पहारेकरी नेमावा आणि त्यालाच रजा मिळावी, तसा हा प्रकार!

प्रश्न गुणाकारापूर्वी विचारावयास हवा. मर्यादेला ८ ने भागावे, खणांची संख्या त्याहून अधिक असल्यास ती कमी करावी, आणि यादीचे भाग पाडून ते एकामागून एक हाताळावेत. वेळ अधिक लागेल, पण उत्तर बरोबर येईल.

पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीकोश-प्रणालीत असेच केलेले आढळते. तेथे स्मृतीच्या एका साध्या मागणीवर सुमारे १ गिगाबाइटची मर्यादा आहे. शिवाय पूर्णांक ओसंडू नये म्हणून आणखी एक तपासणी आहे, आणि पहिली मर्यादा आज आहे तेवढीच राहील तोवर ही अनावश्यक आहे, अशी नोंदही कर्त्यांनी शेजारी करून ठेवली आहे. काटकसरी संपादक ती ओळ खोडू म्हणेल. मी खोडणार नाही. पहिली मर्यादा उद्या दुसऱ्याच फाइलीत, दुसराच कोणी वाढवील, आणि त्या वेळी त्यास या ओळीची आठवण असण्याचे काहीच कारण नाही.