यंत्राआधी प्रश्नपेढी हवी

परीक्षा संगणकावर घेतली की ती शास्त्रशुद्ध झाली, असा सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. महाराष्ट्रात शिक्षकभरतीसाठी २०१७ साली सुरू झालेली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी संगणकावरच होते. तीत दोन तासांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास अवघे ३६ सेकंद! हुशार उमेदवाराचा वेळ सोप्या प्रश्नांत जातो. इतरांना कठीण प्रश्नांपुढे अंदाजाने खुणा कराव्या लागतात.

उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न कठीण, चुकले तर सोपा, अशी अनुकूली चाचणी हा यावरील उपाय आम्हांस मान्य आहे. तिला प्रश्न कमी लागतात. परंतु प्रत्येकाचे प्रश्न निराळे असल्यामुळे केवळ बरोबर उत्तरे मोजून भागत नाही. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधी ठाऊक असावी लागते. ती तज्ज्ञांच्या बैठकीत नव्हे, तर शेकडो परीक्षार्थींनी प्रश्न सोडवून पाहिल्यावरच ठरते.

पेढी तोकडी असल्यास काय होते, हे अमेरिकेने १९९४ साली पाहिले. कॅप्लान या शिकवणी संस्थेने आपली माणसे जीआरईच्या अनुकूली परीक्षेस बसविली आणि त्यांनी लक्षात ठेवलेले प्रश्न परीक्षासंस्थेपुढे ठेवले. तेच प्रश्न वारंवार विचारले जात होते! परीक्षासंस्थेस ही परीक्षा काही काळ आवरती घ्यावी लागली. शिकवणीवर्गांचे पेव फुटलेल्या आपल्या राज्यात याहून निराळे काय घडेल?

शिवाय इंग्रजीतील प्रश्न भाषांतरानंतर तितकाच सोपा वा कठीण राहत नाही. मराठी व उर्दू प्रश्नांची पारख त्या त्या भाषेच्या उमेदवारांकडूनच झाली पाहिजे.

यासाठी चालू चाचण्यांत गुण न धरावयाचे थोडे प्रश्न, उमेदवारांस तशी पूर्वसूचना देऊन, मिसळावेत व वर्षानुवर्षे पेढी वाढवावी. पेढीतील प्रश्न गुप्त राहणार असल्याने उत्तरांवर हरकत घेण्याचा उमेदवाराचा मार्गही अरुंद होईल. म्हणून स्वतंत्र तज्ज्ञमंडळाकडे दाद मागण्याची सोय आरंभीच असावी. हे न करता नुसती यंत्रे आणणे म्हणजे खोट्या मापाला चांदीचा मुलामा देणे होय. त्या मापाने तरुणांच्या उपजीविकेचा निवाडा व्हावयाचा आहे, हे सरकारने विसरू नये.