पाळी चुकण्याआधीची गोळी

आपल्याकडे नव्या सुनेला दवाखान्यात नेले जाते ते बहुधा दोन महिने उलटल्यावर. उलट्या सुरू होतात, घरात कुजबुज होते, मग नावनोंदणी आणि मग गोळ्या. त्या गोळ्या हव्यातच. पण बाळाच्या घडणीतले एक मोठे काम तोवर उरकलेले असते.

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत गर्भाच्या पाठीवरची एक नाजूक नळी मिटते. तिच्यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. नळीचे वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी नीट घडत नाहीत आणि असे बाळ जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर पाठीवर फुगवटा घेऊन बाळ जन्मते. शस्त्रक्रिया करावी लागते. तरीही काहींचे पाय लुळे राहतात, लघवीवर ताबा येत नाही. पाळी चुकल्याचे कळते तेव्हा या २८ दिवसांपैकी निम्मे संपलेले असतात.

असे बाळ झाले की घरातली बोटे आईकडे वळतात. ग्रहणात सुरी हातात घेतली, तिन्हीसांजेला बाहेर गेली, नजर लागली. यातले एकही कारण खरे नाही. मधुमेह, फिटांवरची काही औषधे, आनुवंशिकता अशी कारणे असू शकतात. पण एक मोठे कारण ताटात असते आणि ते टाळता येते. ते म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाची कमतरता.

या जीवनसत्त्वाचा माग प्रथम आपल्याच मुंबईत लागला. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर गरोदर स्त्रियांच्या जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. हा आजार गरीब मुस्लिम स्त्रियांत अधिक आहे आणि त्यांच्या जेवणात भाज्या-फळे फारच कमी आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. तो अर्क ज्या घटकामुळे गुणकारी ठरला तो १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून नाव पडले फॉलिक ॲसिड. पुढे १९९१ मध्ये सात देशांतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना आधी असे बाळ झाले होते, त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यावर पुन्हा तसेच होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला.

म्हणून मूल हवे असे ठरले की त्याच्या किमान एक महिना आधीपासून, शक्य तर तीन महिने आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे आणि दिवस राहिल्यावरही पहिले तीन महिने चालू ठेवावे. औषधाच्या दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, म्हणजे बारापटीहून अधिक. ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. आधी असे बाळ झालेले असेल, मधुमेह असेल किंवा फिटांचे औषध चालू असेल, तर मोठा डोस डॉक्टरच ठरवतील. फिटांचे औषध मात्र आपणहून बंद करू नका. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह-फॉलिकची गोळी रोज, निदान १८० दिवस घ्यायची असते.

गोळीबरोबर ताटही सुधारायला हवे. मेथी, पालक, चवळी, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे, अंडी यांतून फोलेट मिळते. भाजी धुऊन मग चिरावी, फार वेळ शिजवू नये, उकळलेले पाणी फेकू नये. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळावे. कलेजीने रक्त वाढते हे खरे, पण तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते आणि पहिल्या महिन्यांत त्याचा अतिरेक बाळाला बाधू शकतो. म्हणून या काळात कलेजी टाळलेली बरी. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण मिश्री म्हणजे तंबाखूच. रमजानमध्ये स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला धोका वाटत असेल तर गरोदर स्त्रीला रोज्याची सवलत आहे. सुनेने ती घेतली तर तिला टोमणे मारू नयेत.

हे सगळे घराघरांत पोहोचवायचे कोणी? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी भिस्त ठेवली ती गावातल्याच बायांवर. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. जामखेडला येऊन त्या शिकत आणि गावात परतून गरोदर बाईचे खाणे, तिची तपासणी, तान्ह्याचे वजन याकडे लक्ष देत. जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते, ही जुनी भीती मोडायला डॉक्टरांच्या भाषणापेक्षा शेजारणीचा शब्द अधिक उपयोगी पडतो. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या मोहल्ल्यात हा शब्द सासूचा, खालाचा, थोरल्या जावेचा असू शकतो. निकाहनंतर नव्या जोडप्याला दावतीला बोलावता तेव्हा या गोळीबद्दलही सांगा. आशाताईचा नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये घालून द्या. मुलालाही बजावा, कारण गोळी आणायची आणि दवाखान्यात सोबत जायची जबाबदारी त्याचीही आहे. आणि आजपासूनच करता येण्याजोगी एक गोष्ट म्हणजे सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या सुनेला सर्वांबरोबर दस्तरख्वानावर बसवा. भाजीचे भांडे रिकामे होण्याआधी तिचे ताट वाढले गेले पाहिजे.