शिंदातलं सायनाइड

‘कारखाना नाही, मग सायनाइड आलं कुठून?’ जव्हार-मोखाड्यात सायनाइडची तपासणी व्हावी म्हटलं की पहिला प्रश्न हाच. धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात ते सापडतं, हे खरंच. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादाही आहे. पण पाण्यापाशी थांबणाऱ्या तपासणीला चूल दिसत नाही.

पावसाळ्यात इथल्या घरांत शिंद शिजतं, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. त्यांत टॅक्सिफायलिन असतं. कोंब चिरला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. शेंड्याकडे त्याचं प्रमाण अधिक.

रानभाजी महोत्सवांत टाळ्या घेणारं ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हे वाक्य इथे लंगडं पडतं. आणि ‘मग शिंद खाणंच सोडा’ हा शहरी सल्ला त्याहून लंगडा. बारीक चिरायचं, भिजवायचं, उकळून पाणी फेकायचं ही बायकांची रीत रसायनशास्त्राला धरूनच आहे. टॅक्सिफायलिन उकळत्या पाण्यात विघटतं आणि हायड्रोजन सायनाइड २६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे उघड्या पातेल्यातून तो उडून जातो. झाकण ठेवून घाईत शिजवणं धोक्याचं.

‘पिढ्यान् पिढ्या खातात, कुणाला काय झालं?’ या युक्तिवादात खाणाऱ्याचं शरीर विसरलं जातं. शरीर सायनाइडचं थायोसायनेट करून लघवीवाटे टाकतं. त्यासाठी लागणारं गंधक प्रथिनांतून येतं. १९८१च्या दुष्काळात मोझांबिकमध्ये नीट न मुरवलेला कडू कसावा, म्हणजे असंच सायनाइड सोडणारा कंद, आणि प्रथिनांची वानवा एकत्र आली, तेव्हा हजाराहून अधिक माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यांत बायका-मुलंच जास्त. शिंद म्हणजे कसावा नव्हे, रोजचं पोटभरीचं अन्नही नव्हे. तरी १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी ज्या जव्हारचं कुपोषण राज्यापुढे आणलं, तिथे प्रथिनांचा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

वासावर विसंबूनही चालत नाही. कडू बदामासारखा तो वास अनेकांना जन्मतःच येत नाही. तपासणी मात्र सोपी आहे: कुटलेला नमुना आणि पिक्रेट लावलेला पिवळा कागद बंद बाटलीत रात्रभर ठेवायचा. सायनाइड असेल तर कागद तांबूस होतो, आणि रंगाच्या पट्टीवरून प्रमाण कळतं. कच्चं शिंद आणि शिजवलेली भाजी दोन्ही तपासली, तर कुठली रीत किती विष घालवते ते आकड्यांत दिसेल. शंका असेल तिथे प्राथमिक आरोग्य केंद्राने लघवीतलं थायोसायनेट तपासायला पाठवावं.

नमुने पावसाळ्यातच घ्यावे लागतील. मार्चअखेरीस निधी संपवण्यासाठी पथक आलं, तर बाटलीत घालायला कोवळा कोंब मिळायचा नाही.